चालू यंत्राचं उद्घाटन

पद्मजाबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. विद्यापीठाच्या एआय केंद्राचं आज उद्घाटन. केंद्र म्हणजे काय, तर त्यांच्याच विभागातली जुनी खोली, नवा रंग आणि एक दांडगा संगणक. तो संगणक कित्येक महिन्यांपासून चालूच होता, पण त्याची कुणाला फिकीर!

आत्ताही त्याच्यावर मोनिकाचं काम सुरू होतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या या पोरीनं पाचोडच्या बाजारात हिंडून शेतकऱ्यांचं बोलणं गोळा केलं होतं, आणि आठवडाभर ती संगणकाला ती बोली शिकवत होती. संध्याकाळी शिकवणी संपली की निकाल आजच संशोधन परिषदेला पाठवायचा, शेवटची तारीख होती. निबंध घेतला गेला तर पुढचं संशोधन, नाहीतर वाळूजच्या कारखान्यात नोकरी, असं घरी ठरलेलं. यंत्र मधेच बंद पडलं तर सगळं पहिल्यापासून. झालेलं जपून ठेवायला जादा डिस्क लागते, आणि त्या डिस्कचा प्रस्ताव कुलसचिवांच्या टेबलावर वर्षभर निवांत पडून होता.

"पाहुण्यांनी बटण दाबलं की यंत्र सुरू व्हायला हवं," कुलसचिव श्रीनिवासराव म्हणाले. "म्हणजे आधी बंद नको का?"

"अहो सर, चालू आहे ते चालू राहू द्या! बटणानं नुसता पडदा उजळेल. पाहुण्यांना काय कळतंय?"

त्यांनी मान डोलावली, आणि पद्मजाबाई निर्धास्त झाल्या. इथंच फसल्या. श्रीनिवासराव पडले हाडाचे सरळ! पाहुण्यांच्या हातून खोटं उद्घाटन करवणं त्यांच्या मनाला पटेना. गाडी फाटकात शिरताच ते खोलीत गेले, मुख्य बटण स्वतःच्या हातानं बंद केलं आणि यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. यंत्र घरघरत जागं झालं, आणि पडद्याकडं बघून मोनिका पांढरीफटक पडली. शिकवणीचा मागमूस नव्हता.

मग सभागृहात विद्यापीठाच्या यशाची भाषणं झाली. एआय युगासाठी सज्ज विद्यार्थिनी म्हणून मोनिकाला शाल-नारळ मिळाला. पद्मजाबाईंचा संयम तिथं संपला. आभार मानायला त्यांना बोलावलं, तर माईक ओढून त्या म्हणाल्या, "हे यंत्र चालूच होतं. आज तुम्ही सगळ्यांनी मिळून ते बंद केलंत. या पोरीची मेहनत मातीत घातलीत!"

सभागृहानं सवयीनं टाळ्या वाजवल्या. पाहुणेही हसून वाजवत होते. पद्मजाबाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्या तरातरा व्यासपीठावरून खाली आल्या. मोनिकाच्या हातात फोन होता. पाचोडहून तिचे वडील, आप्पासाहेब, कार्यक्रम बघत होते. त्यांचा खणखणीत आवाज बाहेर ऐकू येत होता, "लई टाळ्या पडल्या गं पोरी! झालं ना मग तुझं काम?"

मोनिकानं एकदा पद्मजाबाईंकडं पाहिलं.

"व्हय आप्पा," ती म्हणाली, "झालं."