कोठीखालचा निळा वायर

मी एक निळा वायर बोलतोय. नेटचा वायर. भिंतीवरच्या डब्यातून निघून कंप्युटरच्या पाठीत शिरतो, तो. विजेच्या वायरला माणूस भितो. मला कुणी भीत नाही. माझ्यावर पाय देतात, खाट ठेवतात, झाडूने ढकलतात, आणि नेट गेलं की मलाच शिव्या घालतात. माणसाची जातच अशी. आधीच सांगितलेलं बरं.

जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला. गाव ठाऊक नाही. मोठं वेटोळं होतं, त्यातून कापून काढलेला एक तुकडा म्हणजे मी. पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोन मिळून पीळ घातलेल्या. वरून निळं कातडं. दोन्ही टोकांना काचेसारखी बोंडं. बोंडाला एक बारकी जीभ असते. ती खाचेत बसली की 'टक्' वाजतं. माझं कौतुक म्हणून जे काय झालं, ते त्या 'टक्'पुरतं.

पहिली चाकरी युसूफ वडगाव नावाच्या गावात, शिवशंकर नावाच्या माणसाच्या ऑनलाइन सेंटरात. लोक सकाळीच येऊन बाकड्यावर बसायचे. कुणाचा अंगठा मशीनवर उठायचा नाही, कुणाचं कागदावर नाव चुकलेलं. शिवशंकर कंप्युटर चालू करायच्या आधीच सांगायचा, "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या." मी धडधाकट, नेट धडधाकट, तरी लोक माना हलवून परत जायचे. सर्व्हर म्हणजे कुणीतरी मोठा साहेब असणार असं समजून त्याच्याशी भांडायचंही नाही कुणी. शेवटी सेंटर बंद पडलं आणि शिवशंकर गाडी चालवायला पुण्याला गेला. मला कुणी विचारलं नाही. नेट जोडून देणारा युवराज आला, त्याने मला उपटलं, कोपरावर गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीत कोंबलं. तिथे पान्यांच्या शेजारी पडून राहिलो. एका घरचा जुना वायर दुसऱ्या घरी नवा होतो. युवराजचा धंदा त्यावरच चालतो.

मग मी धोंडीरामच्या घरी आलो. वडगावाच्या पलीकडे वस्ती, पत्र्याच्या दोन खोल्या. धोंडीराम आणि त्याची बायको छबुबाई दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला जाणारी माणसं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. त्यांची पोरगी प्रियदर्शनी मात्र वसतिगृहात राहून शिकली. तिला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं, म्हणून मला बोलावलं.

काम असं. कुणाचा फ्रीज बंद पडला की तो फोन करतो. तो फोन कंप्युटरमधून, माझ्या पोटातून, पोरीच्या कानात. मग ती गोड आवाजात सांगते, "सर, एकदा प्लग काढा. थोडं थांबा. परत लावा." लोक ओरडायचे, ती गोडच बोलायची. घरात तिचा बाप म्हणायचा, "एवढ्या शिव्या मी मुकादमाच्या बी खाल्ल्या न्हाईत." ती हसायची. कंपनीने आधी कच्चं ठेवलं होतं. काम पाहून कायम करणार होते. पावसाळ्यात एकदा नेट गेलं तेव्हा साहेबाने बजावलं होतं, परत असं झालं तर दुसरी मुलगी बघू. अट पण कडक. नेट वायरचंच पाहिजे, आणि तिच्या घरच्याच जोडणीवरून. मोबाईलवरून नाहीतर शेजारून कंपनीचं पान उघडायला गेलं की दारच बंद.

छबुबाईची कंबर गेलेली आहे. मोळी डोक्यावर घेऊन गाडीची शिडी चढताना दोन सालांमागे पडली होती. तेव्हापासून वाकली की तशीच राहते, भिंतीला धरून सरळ व्हावं लागतं. म्हणून यंदा पोरगी कायम झाली तर जायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम बंकट भादव्यातच चक्कर मारून गेला.

"धोंडीराम, कोयता हाय ना यंदा?"

"न्हाई जमत, मुकादम. पोरगी कायम झाली की आमी गावातच ऱ्हाणार."

"झाली की? म्हंजे झाली न्हाई अजून?" बंकट दात कोरत हसला. "लक्ष्म्या उठल्या की सांग. गाडी काय तुज्यासाठी थांबत न्हाई."

लक्ष्म्या म्हणजे महालक्ष्म्या. भादव्यात तीन दिवस येतात. पहिल्या दिवशी बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी उठतात. पत्र्याच्या दोन कोठ्या ठेवायच्या, त्यांत धान्य भरायचं, वरून लुगडी नेसवायची, मुखवटे बसवायचे. एकदा बसल्या की हलवायच्या नाहीत. हात लावायचा तो हळदी-कुंकवाचा.

आता माझी गंमत ऐका. सणाआधी छबुबाईने भिंतींना रंग दिला. त्यात मला धरून ठेवणारे खिळे निघाले. मी भिंत सोडून जमिनीवर आलो. सतरंजी अंथरली ती माझ्यावरच. आणि कोठ्या ठेवल्या त्या डब्याच्या बरोबर खाली, कारण लक्ष्म्यांची जागा तीच, तिच्या सासूपासूनची. दरसाल ह्या कोठ्यांत तळाला भुसा आणि वर चार मुठी गहू असायचे. गरिबाची लक्ष्मी पोटाने हलकीच असते. यंदा छबुबाईने ठरवून काठोकाठ गहू भरला. का? तर पोरीचं काम कायम होऊ दे म्हणून तिने देवीला मागितलं होतं, आणि मागणाऱ्याने देवीला अर्धपोटी बसवू नये. धोंडीरामने कोठी धरून जागेवर सारली. कोठीचा काठ माझ्या बरगडीवर आला. आतल्या दोन तारा तुटल्या. आवाज झाला नाही. बाहेर आरती चालू होती.

दुसऱ्या दिवशी पोरीला रजा नव्हती. सकाळी अकराला पुण्याचा मोठा साहेब तिचे फोन स्वतः ऐकणार होता. त्यावरच कायमचं ठरणार. ती लवकर आंघोळ करून बसली. कंप्युटर उघडला. कोपऱ्यात तांबडी फुली.

तिने बंद केला, चालू केला. माझं बोंड काढलं, फुंकलं, लावलं. टक्. फुली तशीच. परत काढलं, ओढणीने पुसलं, लावलं. टक्. दिवसभर दुसऱ्यांना जे सांगायची ते सगळं केलं. मग तिने बापाला हाक मारली.

धोंडीराम आला. त्याने कंप्युटरला कानाखाली मारावी तशी एक चापट दिली.

"आप्पा, टीव्ही न्हाई तो!"

"टीव्ही असाच यायचा."

"युवराजदादाला फोन लावा, आप्पा. लवकर."

युवराज आला, पण पुरणपोळीच्या दिवशी कुणी उठवलं म्हणून तोंड वाकडं करून. त्याने माझं टोक स्वतःच्या लॅपटॉपला लावलं. काही नाही. मग तो बाहेरच्या खोलीत जाऊन लक्ष्म्यांच्या मागचा पडदा बाजूने उचलून गाल भिंतीला लावून वर बघायला लागला.

"डब्यावर हिरवा लाईट हाय. बाहेरून नेट येतंय. वायर मेलाय."

मेलो नव्हतो. दबलो होतो. पण युवराज धंद्यातला माणूस, त्याला फरक करायची सवय नाही. तो आतल्या खोलीपासून मला चिमटीत धरून चाचपत निघाला. उंबरा ओलांडला, कोपरा वळला, सतरंजीपाशी आला आणि थांबला.

"काकू, वायर ह्या कोठीखाली गेलाय. हितंच चेपला असंल. कोठी जराशी उचलली तर बघतो."

छबुबाईच्या हातात पुरणाची कढई होती. ती तशीच उभी राहिली.

"बसलेली लक्ष्मी उचलायची?"

"मग नवा वायर टाकतो. पण त्याला डब्यापतुर हात गेला पायजे. स्टूल ठिवून चढावं लागंल."

"स्टूल कुठं ठिवणार? देवीच्या डोस्क्यावरून पाय टाकणार तू?"

युवराज दोन पावलं मागे सरला. त्याच्याही घरी लक्ष्म्या बसल्या होत्या.

धोंडीराम मात्र पुढे झाला. "हे बघ छबे, मी पाया पडून उचलतो. देवी काय आंधळी हाय? तिला दिसतंय की कशापायी उचललं ते."

एव्हाना भावकीतली थोरली म्हातारी साखराबाई दर्शनाला दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणतात. ते खोटं आहे.

"उचल की, उचल," ती म्हणाली. "माज्या नणंदंच्या घरी उंदीर शिरला म्हून उचलली हुती. वरीस झालं न्हाई, सून म्हायेरी गेली ती गेलीच. तुजी तर लगीन न झालेली पोरगी हाय, बाबा. उचल."

धोंडीरामचा हात कोठीच्या काठावर होता. मला तो वरून जाणवत होता. बोटभर वर केली असती तर युवराजने मला ओढून काढलं असतं, कापून जोडलं असतं. अकरा वाजायला अवकाश होता. पण छबुबाईने कढई पोरीच्या हातात दिली आणि ती खाली बसली. कंबर धरून, एका हाताने भिंत धरून बसली आणि त्या कोठीला मिठीच मारली म्हणा.

"मी हिलाच मागितलंय तुजं काम, पियू," ती पोरीला म्हणाली. "हिलाच. मग हीच कशी मोडंल? हिच्याखाली न्हाई मोडलं काई. दुसरीकडं बघा. नीट बघा की रं."

सगळे पोरीकडे बघायला लागले. मी इतकी वर्षं माणसं बघतोय. जे थोरांनी ठरवायचं असतं, ते अवघड झालं की ते धाकट्याच्या गळ्यात टाकतात. पोरगी आईकडे बघत राहिली. आईच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"राहू द्या, आप्पा," ती म्हणाली. "उद्या माजं काई बी वाकडं झालं, पायात काटा जरी मोडला, तरी आई म्हणंल तिनं कोठी उचलू दिली म्हून. ती झोपायची न्हाई वरीसभर."

"आन् काम?"

"साहेबाला फोन करते."

केला. अंगणात जाऊन केला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो फोन माझ्या पोटातून गेला नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "ते म्हणाले, ठीक आहे." मला वाटलं, सुटली. छबुबाईने तर लगेच देवीपुढे माथा टेकला. पण पोरीला त्या दोन शब्दांचा अर्थ कळला होता. ती आईबरोबर पोळ्या लाटायला बसली. दुपारी सवाष्णी जेवल्या, पुरण छान झालंय म्हणाल्या. पोरगी सगळ्यांना वाढत होती आणि मध्येच वाटी हातात घेऊन कुणाला काय द्यायचं ते विसरत होती.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या. मुखवटे उतरले, लुगड्यांच्या घड्या झाल्या, गहू पोत्यात गेला. धोंडीरामने कोठी बाजूला केली, सतरंजी काढली. मी तिथे पडलेलो, मध्येच पापडासारखा चपटा. छबुबाई वाकून बघायला लागली, आणि वाकली ती तशीच राहिली. पोरीने तिला धरून सरळ केलं.

"देवीनं न्हाई मोडलं, आई," पोरगी म्हणाली. "गव्हाचं वजन हाय ते."

"गहू मीच भरला," छबुबाई म्हणाली.

युवराजने दुसऱ्या दिवशी येऊन नवा वायर टाकला, पिवळा. फुली गेली, नेट आलं. पण कंपनीच्या पानावर पोरीच्या नावाने काही उघडेना. तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती. थोडे दिवस तिने इकडेतिकडे अर्ज केले. मग नेटचा महिना संपला तो परत भरला नाही. त्या पिवळ्याशी माझी ओळख झाली नाही. तो भिंतीवर नुसताच ताठ बसून असतो.

बंकट आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मग?"

धोंडीराम म्हणाला, "हाय कोयता."

"बायकोची कंबर बघितली मी. अर्ध्या कोयत्यानं गाडी भरत न्हाई, बे."

तेव्हा आतून प्रियदर्शनी म्हणाली, "मी येते आप्पासंगं. आई सैपाक करंल."

बंकटने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, शिकलेल्या पोरीकडे बघतात तसं, आणि मान हलवली.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी चढली. दोर कमी पडला म्हणून धोंडीरामने कोपऱ्यात टाकलेला मला उचलला. तसा मी कर्नाटकाच्या हद्दीवर आलो. इथे उसाच्या फडाशेजारी वाळल्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. आमच्या कोपीवर ताडपत्री टाकली आणि बांबूला बांधायला मला घेतलं. आतल्या तुटक्या तारांना इथे कुणी विचारत नाही. कातडं शाबूत आहे, तेवढं बास.

पोरगी अंधारातच बापाबरोबर फडात जाते. पहिल्या आठवड्यात तिचे तळहात फाटले. छबुबाई रोज त्यांना हळद लावते आणि प्रत्येक वेळी पोरीच्या तोंडाकडे बघायचं टाळते. परवा वारं सुटलं, ताडपत्री फडफडायला लागली. पोरगी कोयता खाली ठेवून मला आवळायला आली. माझं एक बोंड अजून टोकाला लोंबतंय. छबुबाई चुलीपुढून म्हणाली, "पियू, ह्याला परत जोडलं तर चालंल का गं?"

"कुठं जोडायचं, आई?"

छबुबाईने आजूबाजूला बघितलं. ऊस, चिखल, पाचट. ती परत भाकरी थापायला लागली. पोरीने गुडघा बांबूला टेकवून मला जोराने ओढलं आणि गाठ मारली.

बाबांनो, मी सांगून काही होणार नाही, हे मला माहीत आहे. जुन्या वायरचं कुणी ऐकत नसतं. एवढंच म्हणतो, मला जोडायच्या भानगडीत आता पडू नका. हात फाटलेल्या पोरीने मारलेली गाठ आहे, ती सोडू नका. वारं येतं तेव्हा छप्पर धरून ठेवायचं, तेवढं काम मला जमतं. तेवढंच करतो.