दिव्याशिवाय दिसलेला उजेड

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचले नाही की सुईत दोरा ओवला नाही. जेमतेम दिसावे, एवढ्यासाठीच मला घडवले होते.

मला बनवले ते डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी. त्यांनी मला काळ्या पेटीत बसवले, पुढे गडद काचा लावल्या आणि तोंडाशी एक झडप बसवली. झडप क्षणभर उघडली की माझ्या उजेडाचे मोजकेच कण बाहेर पडत. मिस्त्री भारी संशयी. खोलीत कुठून उजेड झिरपेल याचा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनी दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कुलपाच्या भोकात कापूस घातला आणि चमकत्या काट्यांचे स्वतःचे घड्याळही बाहेर काढून ठेवले.

माणसाला किती अंधूक उजेड दिसतो, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी आपल्या थोरल्या नणंदेला बोलावले. सगळे त्यांना वन्सं म्हणत. त्यांनी तीस वर्षे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत काम केले होते. वन्सं आधी चाळीस मिनिटे अंधारात बसत, मग हनुवटी टेकवून समोर पाहत. झडपेचा ‘टक’ आवाज झाला आणि उजेड दिसला, की बटण दाबायचे. दाबले की शेजारच्या खोलीत मॅडमच्या टेबलावर खुणेची बत्ती पेटे. पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, “असा डोळा मी पाहिला नाही.” माझेही कौतुक झाले. मी मनोमन सुखावलो.

पण मॅडम मधूनच नुसता आवाज करत आणि झडप बंदच ठेवत. वन्संना हे ठाऊक नव्हते. अशा चाळीस वेळांपैकी पाच वेळा वन्संनी बटण दाबले.

“वन्सं, खरं सांगा. दिसला, की अंदाजानं दाबलंत?”

“दिसला.”

“झडप बंद होती.”

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

“तसं नाही म्हणत मी. माझं काम नीट व्हावं म्हणून कधी कधी माणूस...”

“अगं वहिनी, अंधारात थाप मारली की फोटो नासतो. मला ती सवयच नाही.” त्यांनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

मग संशय माझ्यावर आला. मिस्त्रींनी मला उघडले, सांधे तपासले, काळी पट्टी गुंडाळली. मित्रांनो, मला फार अपमान वाटला. पण त्याहून वाईट म्हणजे मलाच माझी शंका येऊ लागली. मी चोरून कुठून झिरपत तर नसेन? दिव्याला स्वतःची फट दिसत नाही.

शेवटी मॅडम स्वतःच त्या खुर्चीत बसल्या. मिस्त्रींनी काय केले असेल? त्यांनी मला गुपचूप पेटीतून काढले आणि शेजारच्या खोलीत आपल्या टेबलावर विझवून ठेवले. मग ते नुसती झडप वाजवत राहिले. नवव्या आवाजाला मॅडमच्या टेबलावरची बत्ती पेटली. पुढे आणखी तीनदा पेटली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी थंडगार होतो.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मॅडम, तुम्हाला चार वेळा दिसला. दिवा इथंच आहे.”

“पण मला खरंच दिसला हो,” मॅडम म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या वन्संकडे गेल्या. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. पण सोमवारी दोघी बरोबर आल्या. मॅडम समजावत होत्या, “आपल्या डोळ्यात उजेड टिपणारे बारीक कण असतात. अंगाच्या उबेनं त्यातला एखादा आपोआपच चाळवतो. मेंदूला वाटतं, उजेड आला. खरा कुठला आणि हा कुठला, ते त्याला ओळखता येत नाही. त्या गडबडीच्या वर उठेल एवढा उजेड असला, तरच तो खात्रीनं दिसतो.”

“म्हणजे दोष कुणाचाच नव्हता,” वन्सं म्हणाल्या.

“तुमचा नव्हता. तुमच्यावर शंका घेतली, तो माझा होता.”

वन्संनी चष्मा काढून खुर्ची पुढे ओढली. “आता नुसतं बटण नको. पक्का दिसला की बहुतेक दिसला, तेही विचारत जा.” त्यानंतरचे आकडे खूपच नीट आले.

आता नवी यंत्रे आली आहेत आणि मी कपाटात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, कधी माझी काच पुसायला आलात तर मऊ कापड आणा. संशय जरूर घ्या, त्याशिवाय काही कळत नाही. फक्त दुसऱ्याला खोटे ठरवण्याआधी घटकाभर त्याच्या जागी बसा. तुम्हालाही तिथे नसलेला उजेड दिसेल.