मीटरच्या आकड्याची वाटणी

बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून बोरी अरबमध्ये एकानेही मला गणितातलं काही विचारलं नाही. त्यामुळे बाबाराव आणि मारोतराव हे सख्खे भाऊ वाटणीचं भांडण घेऊन आले आणि मला आपल्या घरी घेऊन गेले, तेव्हा मला आनंदच झाला. राग नंतर आला.

शेत, विहीर, बैल सगळं निम्मं-निम्मं झालं होतं. एक पत्रा जास्त निघाला, तो त्यांनी मारुतीच्या देवळाला देऊन टाकला. उरला होता वडिलांच्या नावाचा विजेचा मीटर. तो कापता येत नाही, म्हणून त्याचा नंबरच निम्मा-निम्मा करून घ्यायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. एवढ्या एका मूर्खपणावर त्यांचं एकमत होतं.

नंबर होता ७३९३९१३३.

"दोनानं भागलं तर एक उरते," मी म्हणालो.

"तो एक माझा," दोघंही म्हणाले.

त्यांची आई मैनाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. पोरं वेगळी निघाली तर आपण कोणाकडे जेवायचं, हे तिचं दुःख होतं आणि ते तिला कोणी विचारत नव्हतं. तिचा वाटा धरून मी तीनाने भागलं. दोन उरले. मग मीच इरेला पेटलो. तीन दिवस वही घेऊन बसलो आणि आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. त्यापुढे बघायची गरज नसते. कशानेच भाग जाईना.

"ही मूळ संख्या आहे," मी चौथ्या दिवशी सांगितलं. "सारखे वाटे पाडाचे तर सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस वाटेकरी लागतील."

मारोतराव विचारात पडला. "तेवढे आपल्या भावकीत नाहीत, सर."

"मंग शेवटचा तीन देवळाले देऊन टाका," बाबाराव म्हणाला. पत्र्याचा न्याय.

दिला. उरलेला आकडाही मूळ निघाला. अजून एक तीन दिला, पुन्हा मूळ. मग एक दिला, नऊ दिला. आठवडाभर मारुतीला आकडे मिळत होते आणि माझी वही संपत होती. मागून कितीही तोडा, उरलेला फुटायला तयार नाही. नोकरीत असताना असा आकडा भेटला असता तर मी पोरांना कमी मारलं असतं. शेवटी त्र्याहत्तरातला तीनही गेला.

"आता किती राह्यलं?" मैनाबाईने विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"सात."

तिने सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजलं. "हे दोन पोट्टे, दोन सुना, नातवंडं समीक्षा न् ओम, अन् मी. हरेकाले एक. उरलं का काही, सर?"

मी वही उघडली नाही. "काहीच नाही उरलं."

"झाली मंग वाटणी. हात धुवा."

दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता मोरीकडे गेले. मैनाबाईने सात ताटं काढली, मग माझ्याकडे पाहून आठवं काढलं. आठाला दोनाने भाग जातो, हे मी कोणाला सांगितलं नाही.