वळणावर हलकी होणारी गाडी

गाडीला भूत लागलंय आसं कुणी म्हनलं की माजं टाळकं सटकतं. गाडीला भूत न्हाई लागत, ऑइल लागतं. कुसगावात गॅरेज टाकल्यापासनं हेच सांगत आलोय. तरी श्रीयशनं ती हिरवी गाडी दारात आणून उभी केली आन् त्याचं पयलं वाक्य त्येच, "गेणूमामा, लोक म्हणतात हिला काहीतरी बाधा आहे."

"बाधा तुज्या डोस्क्याला झालीया," मी म्हनलो. "मिलिटरीची जुनी गाडी, त्यात ऑटोमॅटिक गिअर. घेताना इचारलंस मला?"

श्रीयश तळेगावचा, शिकलेला, पोरगं तसं वाईट न्हाई. लोहगडवाडीच्या वर त्याचा तंबूंचा कॅम्प हाये. लिलावात ही गाडी घेतली, मागं बाकडी टाकली आन् शहरातली पब्लिक वर न्यायला लागला. गाडीवर ड्रायव्हर आमचा गौरव. गौरव म्हंजी माज्या मेलेल्या बहिणीचं पोर, आमीच वाढवलेलं. रतनचा, माज्या बायकोचा तर त्यो जीव की प्राण.

दुखणं काय, तर लोहगडवाडीच्या अलीकडं एक चढाचं वळण हाये, तितं आली की गाडी ओढच सोडायची. इंजिन बोंबलतंय, चाकं ढिम्म. जरा वेळानं आपोआप गिअर धरायचा आन् निघायची. मागच्या खेपेला मातर ती उलटी घसरली आन् मागचं चाक कठड्याला जाऊन टेकलं. खाली दरी. गौरवनं त्या दिवशी घरी येऊन भाकरीला हात लावला न्हाई. रविवारी शाळेची पोरं भरून न्यायची व्हती, आन् गौरव काय दुसऱ्याच्या हातात चावी देणारा न्हवं. रतन मला एवढंच म्हनली, "माज्या पोराला कायबी व्हता कामा नये."

आदीच्या मिस्त्रीनं डिझेल पंप उतरवून परत बसवलेला. रोग म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला! मी गिअरबॉक्सच धरला. गाडी गरम केली, इंजिन चालू ठिवून न्यूट्रलला ऑइल मोजलं, बराबर व्हतं. हुंगून बघितलं, जळका वास न्हाई. खालचा चेंबर सोडला, जाळी धुतली, लोखंडाचा कीस न्हाई. गिअरच्या ऑइलचं प्रेशर दावणारं मीटर नळी लावून केबिनात घेतलं आन् आवारात म्होरं-मागं चालवून बघितली. काटा आपल्या जागी ठाम. गाडी कशी, तर गरीब गाय.

"चल वळणावर," मी गौरवला म्हनलो.

भर दुपारी गेलो, ऊन लख्ख पडलेलं. वळण आलं आन् काटा सपकन खाली. लिव्हर तर ड्राइव्हलाच, मी डोळं फाडून बघतोय! गौरवनं ब्रेक दाबून धरला. तवर मागच्या फळीची साखळी खळखळली आन् गाडीचं बूड जरासं वर आलं. वजनदार माणूस उतरल्यावर स्प्रिंगचे पाटे उचलत्यात, तसं. मी खाली उतरून मागं गेलो. बाकडी रिकामी, फळी लावलेली, साखळी मातर हालत व्हती.

कडंला झुंबरबाईची चहाची टपरी हाये. म्हातारी दोन कप घिऊन आली. एक माज्या हातात दिला, दुसरा कठड्यावर ठिवला.

"त्यो गौरवला द्या की, मावशी."

"त्याला दुसरा वतती. ह्यो आमच्या मालकांचा हाये," ती म्हनली. "थांबती ना गाडी? थांबू द्या. उतरू द्या त्यास्नी."

तिचा नवरा केरबा मिलिटरीत ड्रायव्हर व्हता. तिकडं बरफाच्या मुलखात गाडीवरच गेला. माणूस घरला आला न्हाई, नुसती ट्रंक आली, हे सगळ्या मावळाला ठावं. म्हातारीच्या दुःखाशी कशाला वाद घाला, म्हनून मी चहा संपवला. पर निघताना कठड्याकडं नजर गेली. कप रिकामा व्हता. गौरव केबिनातनं उतरलाच न्हवता, आन् म्हातारी माज्यासमोरनं हालली न्हवती.

मला घाम फुटला, आन् घाम फुटला म्हनून माजा मलाच राग आला. गॅरेजात येऊन परत गाडीखाली शिरलो. काखेत कळसा आन् गावाला वळसा! एवढा चेंबर सोडला, आन् दोष बाहीरच. लिव्हरचा रॉड जिथं गिअरबॉक्सला जोडलाय, तिथल्या पट्टीला जुनी तांब्याची तार गुंडाळलेली. तिच्यामुळं पट्टी खाचंत पुरती बसतच न्हवती. चढाला गचका बसला की सरकून न्यूट्रलला.

"सापडला भुताचा बाप!" मी वरडलो आन् तार कापली.

तारंत ग्रीसचा गोळा व्हता. पुसला तर आतनं टाक निघाला. घरातला कुणी लढाईत नायतर अवचित गेला, की आमच्याकडं त्याला वीर म्हनत्यात. चांदीच्या बोटभर पत्र्यावर घोडेस्वार उठवून त्यो टाक देवघरात पुजत्यात. ह्या टाकावरच्या घोड्याचा एक कान मोडलेला व्हता.

टाक काय भंगारात टाकत न्हाईत, भुईलाबी ठिवत न्हाईत. मी घरी नेला. रतननं दुधानं धुतला, हळद-कुंकू वाहिलं आन् आमच्या देवांच्या शेजारी बसवला. "कुणाचा का आसंना, देवच हाये," ती म्हनली. मलाबी त्यात काय वावगं वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी परत वळणावर नेली. गाडी आशी सुरकन गेली म्हनता, काटा तसूभर हालला न्हाई. टपरीसमोर झुंबरबाई कप घिऊन उभी व्हती. आमी थांबलो न्हाई तशी ती चार पावलं मागं पळत आली, हातातला कप पडला. "आवं, थांबवा की!" आसं कायतरी वरडली. मी गौरवच्या पाठीवर थाप मारून हसलो. गौरव हसला न्हाई.

सांजच्याला घरी आलो तर रतननं चार ताटं मांडलेली. आमी माणसं तीन.

"चौथं कुणाला?" मी इचारलं.

ती गोंधळली. "तुमच्यासंगं अजून कुणीतरी उतरलं की गाडीतनं. मी पाय धुवायला पाणीबी दिलं."

गौरवनं बूट दारात जोडीनं नीट लावून ठिवले व्हते. एरवी एक हितं तर एक तितं. ताठ मांडी घालून बसला, भाकरी मोडली आन् कवा ऐकला न्हाई आशा जड आवाजात म्हनला, "गाडी कवा निघायची? झुंबर वाट बघत आसंल."

रतनच्या हातातली परात खाली पडली.

"गौरव! आरं, शुद्धीवर हायेस का?" मी त्याला खांद्याला धरून हालवलं.

त्यानं माज्याकडं परक्याकडं बघावं तसं बघितलं. "कोन गौरव?"

त्या वक्ताला माजं ऑइल आन् माजं प्रेशर सगळं इसरलो बघा. एवढं वाढवलेलं पोर, आन् समोर बसून मला वळखंना! रतन देवघरापुढं डोकं टेकवून रडायला लागली, "चुकलं आमचं, बाबा. हे घर तुमचं न्हवं." मी टाक रुमालात घेतला, पोराला हाताला धरून केबिनात बसवला आन् स्वतः गाडी काढली.

वळणावर पोचलो तवा अजून दिसत व्हतं. गाडी आता थांबणारी न्हवतीच, मीच ब्रेक दाबला. मागं साखळी खळखळली. बूड हलकं झालं.

झुंबरबाई रस्त्यातच उभी व्हती. मी रुमाल सोडला. तिनं बोटानं घोड्याचा मोडका कान चाचपला.

"ल्हानपणी खेळताना ह्यांनीच मोडलेला," ती म्हनली. "भरती झालं तवा सासूबाईंनी देवघरातनं काढून संगं दिला. चालवायच्या गाडीलाच बांधलाय म्हनून सुट्टीवर आलं तवा सांगितलेलं."

"मग आदी बोलायला काय झालं व्हतं?" मी खेकसलो.

"कुणाला सांगू? तुमाला? तुमी भूत मानता व्हय, मिस्त्री?"

तिनं टाक कपाळाला लावला, पदरात घेतला आन् घराच्या पायवाटेला लागली. वाट चांगली रुंद, पर ती एका कडंनं चालली व्हती, शेजारी कुणाला जागा ठिवल्यागत.

"मामा," केबिनातनं गौरव म्हनला, "आपुन हितं कवा आलो? लय भूक लागलीया." मी त्याला कवटाळला आन् ढसाढसा रडलो, लाज काय धरायची त्यात.

रविवारी पोरं भरून गाडी निघाली. मीबी केबिनात बसलो व्हतो. वळण आलं, गेलं. काटा ठाम. वर पोचल्यावर श्रीयशनं इचारलं, "काय दोष निघाला हो?"

"तार," मी म्हनलो.

खाली येताना टपरी बंद दिसली. म्हातारीला बरं न्हाई का काय, म्हनून गौरवला थांबवलं आन् तिच्या घरापातुर गेलो. दार लोटलेलं व्हतं. आत चुलीवर चहा उकळल्याचा वास येत व्हता.

"मावशी, टपरी न्हाई उघडली?"

"न्हाई भाऊ," आतनं ती म्हनली. आवाज नव्या नवरीसारखा लाजरा. "आज न्हाई जमायचं. घरात माणूस आलंय."

आत कुणीतरी खोकलं. मी बरं म्हनलो आन् दार पुढं ओढून घेतलं.