न पुसलेल्या नावांचे झाड

मित्रांनो, मी एक जुने झाड आहे, पण मला माती ठाऊक नाही. मी संगणकात वाढले. उज्जैनच्या सिंहस्थात, राम घाटाजवळच्या एका सेवामंडळाच्या तंबूत, हरवून सापडलेल्या माणसांची नावे ठेवायला श्रीपाद सरांनी मला घडवले. प्रत्येक नाव म्हणजे माझे एक पान.

माझी रीत निराळी होती. नवे नाव आले, की खोडापासून त्या पानापर्यंतच्या फांद्या तेवढ्या मी नव्या करी. बाकीच्या जुन्याच जोडून घेई. जुने काही मोडत नसे. पानांची संख्या एका लहानशा कप्प्यात राही. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे तिथे जागा नव्हती. पुढचे पान आले, तर आकडा उलटून शून्याखाली जाणार होता.

सर म्हणाले, "शोभाताई, घरी गेलेल्यांची नावं काढून टाकू."

नावे भरणाऱ्या शोभाताई दचकल्या. "जिवंत माणसाचं नाव पुसायचं? तेही शिप्रेच्या काठी? राहू द्या सर, बिचारी नावं तुमचं काय खातायत?"

सर हसले. "राहू द्या. इतकी माणसं थोडीच हरवणार!"

लोक माझे कौतुक करीत. माझा कप्पा भरत होता.

मोठ्या स्नानाच्या दिवशी नानाखेड्याच्या छावणीतून निरोप आला: देवासच्या सुमनबाई, उन्हाने ग्लानीत. गर्दीमुळे शोभाताईंच्या मदतीला बसलेल्या मुलाने नाव भरले. पान फांदीवर नीट बसले, पण आकडा उलटला. शोधण्याआधी संगणक तो आकडा पाही. शून्याखाली दिसताच त्याने मला रिकामे मानले.

तेवढ्यात सुमनबाईंचे यजमान वसंतराव आले. हातात बायकोची एक चप्पल होती.

"देवासची सुमन. घाटावर हात सुटला हो. मिली क्या?"

शोभाताईंनी नाव शोधले. "कोणीच नाही, काका."

"एक बार और बघा ना, ताई."

"मशीन आहे काका, ती कशाला खोटं बोलेल?" आणि शोभाताईंनी नदीकडे पाहिले.

वसंतरावही मग नदीकडेच गेले.

प्रत्येकालाच 'कोणी नाही' असे उत्तर येऊ लागले, तेव्हा सरांना चूक कळली. तोवर वसंतराव पाण्यात चाचपडत राहिले होते, आणि छावणीत सुमनबाईंनी "हे आले का?" असे विचारत प्राण सोडला होता.

मेळा उठला. संगणक देवास गेटजवळच्या भंगारात गेला. मीही त्याच्यासोबत गेले.

मित्रांनो, काहीही घडवाल तेव्हा त्यात किती मावेल ते आधी पाहा. आणि भरल्यावर 'भरले' एवढे म्हणायला त्याला शिकवा. मला ते कोणी शिकवले नाही.

सुमनबाईंचे पान अजून माझ्या फांदीवर आहे. ते कोणीच पुसले नाही.