दोन बोल्टांचा ब्रॅकेट

डिझाइन विभागात त्याला सगळेच मामा म्हणायचे. खरी भाची मात्र एकच, शेजारच्या टेबलावरची. आराखडे सुचवणाऱ्या नव्या यंत्राची सवय त्याला तिनेच लावली. काय हवं ते लिहायचं, की चहा संपायच्या आत बारा कच्चे आराखडे पुढ्यात. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" मामा यंत्राला म्हणायचा आणि ती हसायची.

आज काम होतं टाकीच्या दुरुस्तीसाठी टांगत्या पाळण्याचं. चार माणसं त्यात उभी राहणार. यंत्राने पहिल्या नंबरावर ठेवलेला आराखडा पाहून भाचीचा चेहरा खुलला.

"मामा, हा तर तुझाच! आपल्या जुन्या ड्रॉइंगांवरूनच शिकलंय ना ते. वजनाला हलका, आणि एकोणीस वर्षांत एकही दोष नोंदलेला नाही."

मामाने पडद्यावरचं चित्र मोठं केलं. पाळणा ज्याला टांगायचा तो ब्रॅकेट तोच होता, दोन बोल्टांचा. चार हवे होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यावरचा पाळणा कोसळला, त्याच दुपारी त्याला आपली चूक कळली होती. पाळण्यात एकटा फिटर होता: त्याचा मेहुणा, हिचा बाप. चौकशीत ठरलं, फिटरने बोल्ट नीट आवळले नाहीत. मेलेल्याच्या माथी खापर फोडणं सोपं, तो उठून भांडत नाही. मामा मूग गिळून बसला आणि ड्रॉइंग मंजुरीच्या शिक्क्यासकट कपाटात गेलं. बहिणीने नवऱ्याचा निष्काळजीपणा लोकांच्या तोंडून जन्मभर ऐकला. भाची सात वर्षांची असल्यापासून शाळेच्या बाकाचासुद्धा नट दोनदा तपासायची.

गुपचूप दुसरा आराखडा निवडला असता तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण यंत्राने हा उद्या दुसऱ्या कुणापुढे ठेवलाच असता.

"हा नको," मामा म्हणाला.

"मग कारण लिहावं लागेल. त्यावरूनच ते पुढचं शिकतं."

"लिही, ब्रॅकेट कमजोर. एकदा तुटलाय."

"कधी?"

मामाने तारीख सांगितली. कीबोर्डवरची तिची बोटं थांबली. त्या तारखेला तिच्या घरी दरवर्षी कुणी धड जेवत नसे.

"बाबांनी बोल्ट आवळले होते?"

"आवळले होते. दोन्ही."

ती कीबोर्ड त्याच्याकडे सरकवून "तूच लिही," एवढंच म्हणाली. मग फोन लावून तो त्याच्यापुढे ठेवला.

"बोल गं," पलीकडून त्याची बहीण म्हणाली.