राहील त्याचं घर

आमच्या आजीला एक सुख होतं, शिव्या द्यायला तिला कुणीतरी होतं. लहानपणी तुर्क, मग इटालियन, मग थोडे दिवस इंग्रज, मग राजा. चुलीसमोर बसली की एकेकाचा उद्धार करायची आणि रात्री शांत झोपायची. आमच्या नशिबी तेही नाही. राजा गेला, आणि काही वर्षांनी रेडिओवर सांगितलं की यापुढे सरकार म्हणून वेगळं कुणी नाही, तुम्ही लोकच सरकार. आता माणसाने स्वतःला किती शिव्या द्यायच्या?

असो. मी सांगतेय माझ्या घराबद्दल.

आमच्या डोंगरात जुनी घरं जमिनीत खणलेली, मधे विहिरीसारखं उघडं अंगण. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, सगळं खरं; पण वर मान केल्याशिवाय आभाळ दिसत नाही, आणि त्या आभाळातून शेजाऱ्याची शेळी कधी अंगावर पडेल याचा नेम नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला वर राहायचं होतं. तेलाचा पैसा देशात आला तेव्हा आमच्या ह्यांनी, अशूरने, रस्त्याच्या कडेला चार खोल्यांचं घर बांधायला काढलं. त्रिपोलीहून सिमेंटची पोती आली, ती मी पाठीवरून वाहिली. माझे हात अजून खरखरीत आहेत ते त्यामुळेच.

घर बांधून झालं, रंग तेवढा वाळायचा होता. तेवढ्यात उस्ताद नूरी आले. शाळेत इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायला त्यांची किनाऱ्यावरून बदली झाली होती. बायको वनीसा, मुलं, गाद्या, सगळं ट्रकमध्ये. शाळेने देऊ केलेल्या खोलीला छप्परच नव्हतं, आणि त्या रात्री पाऊस.

"आमचं घर रिकामंच आहे की! चला," हे म्हणाले.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, भाड्याचं तरी बोला."

"पाहुण्याकडून भाडं? लोक तोंडात शेण घालतील, मबरूका."

"मग किती दिवस, ते तरी विचारा."

"असं विचारतात का कधी?"

नाही विचारत, मलाही माहीत आहे. आमच्यात पाहुण्याला 'कधी जाणार' विचारणं म्हणजे ताटातलं मांस काढून घेणं. आम्ही खालीच राहिलो आणि वरच्या घराचा रंग पाहुण्यांच्या मुलांच्या हाताला लागला.

उस्ताद मात्र भला माणूस, खोटं कशाला बोलू! वर्षभराने स्वतःच आले. त्यांना दोन खोल्यांची जागा मिळाली होती. मी पडद्याआड चहा उंचावरून ओतून ओतून त्याला फेस आणत होते. आनंदाने हातातली चहादाणी पडायचीच बाकी होती. आणि आमच्या ह्यांना काय अवदसा आठवली! अशा वेळी एकदा 'छे छे, राहा हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण बैठकीत चार म्हातारे बसलेले, मग उदारपणाला ऊत आला.

"तू माझ्या घरातून बिऱ्हाड हलवलंस," हे शपथ घेऊन गरजले, "तर माझ्या बायकोला तलाक!"

म्हातारे म्हणाले, "वा! याला म्हणतात पुरुष."

उस्तादांनी नव्या खोलीची किल्ली खिशात घातली. मी चहा आत नेला. साखर मुद्दाम घातली नाही. तरी मेल्यांनी मिटक्या मारत प्यायला.

मग एके दिवशी रेडिओवर नवा कायदा आला: राहील त्याचं घर. ज्या घरात जो राहतो तो त्याचा मालक. त्रिपोलीतले भाडेकरू रस्त्यावर नाचले म्हणे. आमच्याकडे आला फरज. काल-परवापर्यंत शेळ्यांचा चारा विकायचा, आता लोकसमितीचा प्रमुख.

"अशूरकाका, तुम्ही कुठे राहता?"

"खाली. जुन्या घरात."

"मग खालचं तुमचं. आणि वर कोण राहतं?"

"पाहुणा राहतो रे!"

"पाहुणा असं कायद्यात काही नाही. राहणारा आहे."

"फरज, तुझ्या आईला विचार," मी मध्येच बोलले, "सिमेंट कुणी वाहिलं ते!"

"मावशी, माझ्यावर कशाला चिडता? हा लोकांचा निर्णय आहे. म्हणजे तुमचाच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं, पण आलं.

संध्याकाळी उस्ताद आले, मान खाली घालून. "अशूरभाई, शाळेत हाच कायदा मला शिकवावा लागतो, पण तुमचं घर मला पचणार नाही. मी उद्या जातो. तुम्ही लगेच राहायला या. राहाल तर तुमचं."

हे पुटपुटले, "पण ती शपथ..."

उस्ताद गेले तर घर मिळणार आणि मी तलाकशुदा. राहिले तर नवरा शाबूत आणि घर कायमचं गेलं. रात्रभर तळमळले. सकाळी उठून मीच इमामसाहेबांकडे गेले.

"शपथेत तलाक किती वेळा म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"एकदा. एवढीच अक्कल शिल्लक होती."

"मग परत घेता येईल. एका शब्दाचं काम आहे."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "द्या तलाक! नवरा परत घेता येतो, घर नाही येत."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे सरकार ना? म्हणू दे काय म्हणायचं ते!"

उस्तादांचं बिऱ्हाड हललं. वनीसा माझ्या गळ्यात पडून रडली, घर लख्ख झाडून गेली बिचारी. शपथ लागू झाली. ह्यांनी तिथेच एक शब्द बोलून मला परत घ्यायचं आणि आम्ही गाद्या वर न्यायच्या, असं मी पढवून ठेवलं होतं. पण माझा भाऊ येऊन उभा राहिला. फार मानी माणूस.

"माझी बहीण काय शेळी आहे, सोडली नि बांधली? रीतसर न्यायला या. वडीलधाऱ्यांना घेऊन."

आणि आमचे हे! रीत म्हटली की ह्यांना घरदार सुचत नाही. मी ओरडत होते, "अहो, आधी वर जाऊन एक सतरंजी तरी टाका!" तर म्हणाले, "तुझ्या भावाचा मान आधी." मी भावाकडे गेले. हे कोकरू घेऊन, म्हातारे गोळा करून मागोमाग आले. जवाच्या पिठाचं बाझीन शिजलं, मांस वाढलं गेलं, चहाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, प्रत्येक म्हाताऱ्याने नवराबायकोच्या प्रेमावर भाषण ठोकलं. उठू म्हटलं तर यजमानाचा अपमान. मी आत बसून दात खात होते.

परतलो तेव्हा घराच्या दारावर पाटी ठोकून झाली होती आणि फरज खिळे खिशात टाकत होता.

"घरात कुणीच राहत नव्हतं, काका. म्हणजे ते लोकांचं झालं. सभेसाठी जागा हवीच होती."

हे म्हणाले, "बरं झालं, चांगल्या कामाला लागलं." मी आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाही.

पहिल्या सभेला दुकानं सक्तीने बंद. सगळं गाव माझ्या बैठकीत. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका, चपलांच्या ढिगाशेजारी. फरजने प्रस्ताव वाचला: जागा अपुरी पडते, सबब स्वयंपाकघराची भिंत पाडावी. मान्य असेल त्यांनी हात वर करावे.

भराभर हात वर गेले. ह्यांचा हात मांडीवरच होता. मी मागून ह्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाचा अभिमान वाटला. मग फरजच्या शेजारी बसलेल्या, गावात कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या माणसाने पेनाचं टोपण काढलं आणि हात खाली असलेल्यांकडे मान वळवली.

ह्यांचा हात हळूहळू वर गेला. माझा त्याच्या आधीच गेला होता.